सुवार्ताचा पहिला पगार

खडकी बाजारात फौजी कपडे शिवणारी पाच-सहा दुकानं आहेत, त्यातलं सगळ्यात अरुंद दुकान शांतवन भिंगारदिवेचं. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की शांतवनला मशीनमागून उठता येत नाही, आणि गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असलं तर माप घ्यायला दोघांनाही रस्त्यावर यावं लागतं. तिथे बसून तो सव्वीस वर्षं शिपायांच्या बाहीवर फिती शिवतो, छातीवरच्या नावाच्या पट्ट्या शिवतो आणि बढतीबरोबर सुटलेल्या साहेबांच्या पँटी कमरेत सैल करून देतो. शेजारच्या एकाने दुकानाला माळा काढला, दुसऱ्याने एसी लावला. शांतवनने पंखा बदलला, तोही जुना खाली पडला म्हणून.

याच गोष्टीवर त्याचं नाव झालं होतं. छावणीतल्या त्याच्या चर्चमध्ये कोणाच्या घरी पैशावरून कुरकुर झाली, की बायका नवऱ्यांना सांगायच्या, जरा शांतवनदादांकडे बघा. दर वर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी त्याची साक्ष ठरलेली असे. लॉकडाउनमध्ये तीन महिने शटर बंद होतं, पण एक दिवसही घरातलं कोणी उपाशी झोपलं नाही, ही हकिगत तो सांगायचा. सांगायचाही छान. कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढून पुसायचा, हे आता त्याला पाठ झालं होतं. शेवटी म्हणायचा, "प्रभू पुरवतो. आपण फक्त हात आखडायचा नाही." लोक डोळे टिपायचे, आणि नंतर चहाच्या वेळी दोघं-तिघं येऊन त्याचा हात हातात घ्यायचे. त्यालाही ते आवडायचं. आवडणारच, तोही माणूसच आहे.

समाधान त्याच्या अंगात नव्हतं असं मी म्हणत नाही. पण ते कधी कसाला लागलं नव्हतं. हातात घट्ट धरून ठेवावं असं काही हातात आलंच नव्हतं, तेव्हा हात मोकळा ठेवणं फारसं जड गेलं नव्हतं. हे त्याला छप्पन्नाव्या वर्षी कळलं, तेही स्वतःच्या मुलीसमोर.

त्यांच्या चर्चमध्ये एक जुनी रीत आहे. घरातल्या कोणाला नोकरी लागली, की पहिल्या महिन्याचा पगार देवाचा. दशांश नाही, सगळाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते माणूस मागच्या बाकापासून वेदीपर्यंत चालत येतं, दोन्ही बाजूंना आईवडील असतात. पाळक दोन्ही हात पुढे करून विचारतात, "काय आणलंत?" उत्तर वडिलांनी द्यायचं असतं, "पहिला पगार, पूर्ण." मग पाकीट पाळकांच्या हातावर ठेवायचं, मंडळी एक कडवं गातात, आणि शेवटी सूचनांच्या वेळी नाव आणि आकडा वाचून दाखवतात. सक्ती कोणावर नाही. पण पन्नास-साठ वर्षं कोणी चुकलेलं नाही, आणि न चुकलेली रीत सक्तीपेक्षा जड असते. नोकरी लागलेल्या घरी आधी जाऊन समजावण्याचं, धीर देण्याचं काम पंचकमिटीने शांतवनकडे दिलं होतं. त्याच्याइतकं योग्य माणूस त्यांना दिसलं नव्हतं.

म्हणून सुवार्ताला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली, त्याच रविवारी शांतवन उभा राहिला आणि कोणी न विचारता जाहीर करून मोकळा झाला, की माझ्या लेकीचा पहिला पगार प्रभूचा. सुवार्ता त्याची एकुलती एक. बोलायला कमी, पण बापावर तिचा फार विश्वास. लहानपणी शाळेत तिला 'तुझा आदर्श' असा निबंध आला, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी थोर माणसं लिहिली, हिने पप्पा लिहिला. तो कागद शांतवनने दुकानात मशीनच्या खणात जपून ठेवला होता. त्याची खरी कमाई म्हणजे तेवढंच होतं, आणि तो ते कधी बोलला नाही तरी त्याला पक्कं माहीत होतं.

पगाराचा मेसेज शुक्रवारी सकाळी आला. सुवार्ताने चहा पिताना फोन त्याच्यापुढे धरला. बेचाळीस हजार. शांतवनने चष्मा लावून पुन्हा वाचलं. फौजेत नवी भरती आली की त्याच्याकडे कामाची झुंबड उडते, पण तसल्या महिन्यातही त्याचं दुकान एकोणीस हजारांच्या वर कधी गेलं नव्हतं. त्याची बायको विमल म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." त्याला ऐकू आलं नाही.

आनंद झाला असता तर प्रश्न नव्हता. त्याला भीती वाटली. एवढी रक्कम घरात आली आणि दोन दिवसांत दाराबाहेर जाणार, याची. छप्पन्न वर्षांत कधी न सुचलेली कारणं त्याला एका दिवसात सुचली. विमलचे गुडघे. पावसात गळणारा स्वयंपाकघराचा पत्रा. सुवार्ताचं लग्न. यातलं एकही कारण तातडीचं नव्हतं. विमलच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या कोपऱ्यावरच्या दुकानात दीडशे रुपयांना मिळत होत्या. घर अडचणीत असतं तर मी आज त्याची बाजू घेतली असती. घर अडचणीत नव्हतं.

शनिवारी सकाळी तो आणि सुवार्ता एटीएममध्ये जाऊन सगळी रक्कम घेऊन आले. विमल दळणाला गेली होती. शांतवनने पलंगावर नोटांचे दोन भाग केले. मापाच्या कामात त्याचा हात पक्का, दोन्ही भाग बरोब्बर सारखे झाले. एक भाग त्याने रुमालात बांधून कपाटात, त्याच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात ठेवला. मग मुलीला हाक मारली.

"पाकिटावर आकडा तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"बेचाळीस?"

"एकवीस लिही."

सुवार्ताला वाटलं पप्पा चुकून बोलले. "पप्पा, बेचाळीस आलेत."

"अगं, पीएफ असतो, टॅक्स असतो, काही ना काही कापतातच की."

"कापूनच बेचाळीस आलेत."

"मग उरलेले तुझ्यासाठीच ठेवतोय ना. मी काय घेऊन जाणार आहे?"

"मला नकोत. तुम्हीच तर चर्चमध्ये सांगितलंत."

"तुला काय कळतंय यातलं," शांतवन म्हणाला. हे वाक्य तो तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला. तिने बापाकडे एकदा पाहिलं, पेन घेतलं आणि आकडा लिहिला. आकड्याखाली नेहमीसारखी रेघ मारली नाही. पेन जागेवर ठेवून ती गच्चीत कपडे वाळत घालायला गेली. शांतवनला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची त्याला लाजही वाटली, पण ती अजून झाकता येण्याइतकी होती.

त्याच दुपारी करुणाबाई पाटोळे दुकानात आल्या. करुणाबाई बोपोडीत एका खोलीत भाड्याने राहायच्या. नवरा रंगकाम करायचा, तो दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्या शेजारणींच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून दिवस काढत होत्या. आता वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना आयुष्यातली पहिली नोकरी लागली होती. वाकडेवाडीजवळच्या एका दवाखान्यात धुतलेल्या चादरी, गाऊन घड्या करून ठेवायच्या. पगार अकरा हजार चारशे. पंधरा दिवसांपूर्वी शांतवनच त्यांच्याकडे जाऊन रीत समजावून आला होता.

त्या दारातच उभ्या राहिल्या. आत गिऱ्हाईक नव्हतं तरी आत आल्या नाहीत.

"दादा, एक विचारायचं होतं. रागावू नका."

"बोला की."

"मला द्यायचेत. नाही असं नाही. पण मालकाला साडेचार हजार भाडं द्यायचंय, गेल्या महिन्याचंही थोडं राहिलंय. गॅस संपत आलाय. अर्धे दिले तर... चालतं का तसं? तुम्ही सांगाल तसं करते."

आता इथे शांतवनला फक्त एक शब्द बोलायचा होता. चालतं. तेवढं म्हटलं असतं तर एका बाईचा महिना सुखाचा गेला असता, आणि देवाचं काहीही बिघडलं नसतं. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. पण अर्धे चालतात असं आपण म्हणालो, तर उद्या चर्चमध्ये आपल्या पाकिटातला आकडा ऐकताना ही बाई सरळ आपल्याकडे बघेल आणि तिला कळेल, असं त्याला वाटलं. कळण्यासारखं काही नव्हतं, तिला सुवार्ताचा पगार माहीतच नव्हता. पण चोराला एवढा विचार सुचत नाही. तो हातातल्या फितीचा दोरा तोडत, खाली बघत म्हणाला, "पूर्ण द्या, करुणाबाई. प्रभू पुरवतो. आपण हात आखडायचा नाही."

"बरं दादा," त्या म्हणाल्या. चेहरा थोडा उतरला आणि मग त्यांनीच तो सावरला. "तुम्ही म्हणालात ते बरं झालं. माझंच मन कच्चं पडत होतं. आणि अजून एक. मला वडील नाहीत, हेही नाहीत. उद्या माझ्या बाजूला तुम्ही उभे राहाल का? वडिलांच्या जागी?"

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तो हो म्हणाला.

रविवारी चर्च भरलेलं होतं. आधी सुवार्ताचं नाव पुकारलं. शांतवन एका बाजूला, विमल दुसऱ्या बाजूला, मध्ये मुलगी, असे तिघं मागून चालत आले. विमलने लग्नातली साडी काढली होती, तिच्या चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता. तिला कोटाच्या खिशाची काहीच कल्पना नव्हती. उजागरे पाळकांनी दोन्ही हात पुढे करून विचारलं, "काय आणलंत?"

"पहिला पगार," शांतवन म्हणाला. त्याने चष्मा सारखा केला. "पूर्ण."

सुवार्ताने पाकीट पाळकांच्या हातावर ठेवलं. तिने बापाकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, आणि मंडळी गात होती तेव्हा तिचे ओठ हलत नव्हते. शांतवनला तेवढंच दिसत होतं.

तो जागेवर जाऊन टेकतो न टेकतो तोच करुणाबाईंचं नाव पुकारलं. तो उठला. पुन्हा तीच वाट चालला. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं होतं की कागद घामाने ओला झाला होता. पाळकांनी विचारलं, आणि शांतवनला दुसऱ्यांदा तेच शब्द बोलावे लागले. "पहिला पगार, पूर्ण." यावेळी ते खरं होतं. खरं बोलतानाच त्याला सगळ्यात जास्त मेल्यासारखं झालं. आपल्या मुलीसाठी जिथे उभं राहून खोटं बोललो, तिथेच पाच मिनिटांनी एका विधवेचा पगार खरा आहे म्हणून आपण ग्वाही देतोय, आणि तिला तो पूर्ण द्यायला आपणच लावलंय, हे त्याच्या ध्यानात तिथे वेदीपुढे आलं. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही. लोकांना वाटलं, दादा प्रार्थनेत आहेत.

चहाच्या वेळी करुणाबाई त्याच्यापाशी आल्या, सुवार्ताही तिथेच होती. "दादा, तुमच्यामुळे धीर झाला," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी अर्धेच दिले असते." सुवार्ताने हे ऐकलं. हातातला चहा तसाच टेबलावर ठेवून ती बाहेर गेली.

त्यानंतर घरात सुवार्ता बापाशी बोलायची, नाही असं नाही. "पप्पा, किल्ली." "पप्पा, भाजी संपली." भांडली असती तर शांतवनला बरं वाटलं असतं. कंपनीतून आली की ती आईशी बोलायची, आणि तो खोलीत आला की बोलणं संपलेलं असायचं. विमलने विचारलं, "काय झालंय हो तुमचं दोघांचं?" तो म्हणाला, "काही नाही, कामाचा ताण असेल." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

सोमवारी सकाळी पावणेसातला तो दुकान झाडत होता, तेव्हा करुणाबाई रस्त्यावरून पायी जाताना दिसल्या. मंगळवारीही दिसल्या. बुधवारी त्याने हाक मारली, "बस चुकली का?" त्या हसल्या. "चालायला बरं वाटतं दादा, सकाळचं." बोपोडीहून वाकडेवाडी, जाऊन-येऊन आठ-नऊ किलोमीटर, आणि मध्ये दिवसभर उभं राहून घड्या करायच्या. बसचे पैसे वाचवतायत हे कळायला शांतवनला फार डोकं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, त्याला त्यांनी दोरी बांधली होती. त्या पावणेसातला जायच्या, त्या दिसू नयेत म्हणून शांतवन साडेसात वाजता दुकान उघडायला लागला.

दहाव्या दिवशी त्याच्याने राहवलं नाही. त्याने कोटाच्या खिशातून पाच हजार काढले, संध्याकाळी परतीच्या वेळेला दारात उभा राहिला आणि त्या आल्यावर पैसे त्यांच्या हातात कोंबले. "ठेवा. भाड्याला होतील. कोणाला सांगू नका."

करुणाबाई नोटांकडे बघत राहिल्या. "मालकाने आजच सांगितलं होतं, शनिवारपर्यंत नाहीतर खोली खाली करा," त्या म्हणाल्या. "मी दुपारी घड्या करता करता प्रभूला म्हटलं होतं, आता तूच बघ." आणि तिथेच, रस्त्यावर, त्यांनी डोळे मिटून हात जोडले. आत पँट घ्यायला आलेला एक हवालदार होता, त्याला काय चाललंय ते कळलं नाही, पण बिचाऱ्याने टोपी काढली. शांतवन हातात दुसऱ्याची पँट घेऊन उभा राहिला. चोरीच्या पैशाला आशीर्वाद मिळत होता आणि तो थांबवायची सोय नव्हती.

कोणाला सांगू नका म्हटल्यावर करुणाबाई गप्प बसतील, असं त्याला वाटलं होतं. पण प्रभूने केलेलं झाकून ठेवायचं नाही, हेही तोच गेली वीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. गुरुवारी रात्री आठ वाजता त्यांनी आपल्या खोलीत घरसभा ठेवली. पंधरा माणसं दाटीवाटीने सतरंजीवर बसली. विमलने सुवार्ताला आग्रहाने बरोबर आणलं होतं. ती दाराशी, बाहेर पडायला सोपं जाईल अशी बसली.

एक गीत झालं, आणि करुणाबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. त्यांना बोलायची सवय नव्हती. त्यांनी साधंच सांगितलं. पगार दिला, मग दहा दिवस पायी गेले, चालताना गाणी म्हणायचे, कधी वाईट वाटलं नाही. भाड्याची वेळ आली तेव्हा प्रभूने शांतवनदादांच्या हातून पाच हजार पाठवले. "ज्यांनी स्वतःच्या लेकीचा सगळा पगार दिला, त्यांनीच वर मला दिले," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घरात काय साठवलेलं असणार? तरी दिले." मग त्या खाली बसल्या.

सगळ्यांचे चेहरे शांतवनकडे वळले. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. विमल पदराने डोळे पुसत होती, तिला नवऱ्याचा इतका अभिमान लग्नानंतर कधी वाटला नसेल. उजागरे पाळक म्हणाले, "शांतवनदादा, दोन शब्द बोला."

तो उठला. त्याने सुवार्ताकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, सरळ त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग असता तर तो सुटला असता. ती वाट बघत होती. पप्पा आताही झाकतील का, एवढंच तिला बघायचं होतं.

"ते पैसे माझे नाहीत," शांतवन म्हणाला. "सुवार्ताचा पगार बेचाळीस हजार होता. मी एकवीस दिले. बाकीचे कपाटात लपवले. करुणाबाईंना त्यातलेच दिले, तेही त्यांच्या चपलेला दोरी बांधलेली मला बघवेना म्हणून. वेदीपुढे मी पूर्ण म्हणालो, ते खोटं होतं." मग त्याला वाटलं एवढ्यावर थांबता येईल, पण थांबता आलं नाही. "आणि करुणाबाईंनी मला विचारलं होतं, अर्धे चालतील का. मी नाही म्हटलं. तेव्हा माझे अर्धे कपाटात होते."

पाठीवरचा हात कधी निघून गेला ते त्याला कळलं नाही. विमल त्याच्याकडे बघत होती, पदर तसाच डोळ्यांपाशी धरलेला. "मी शेजारी उभी होते तुमच्या," ती हळूच म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग दाराशी सुवार्ता उभी राहिली. "पाकिटावर आकडा मी लिहिलाय," ती म्हणाली. "मला माहीत होतं. मीही बोलले नाही."

हे मात्र शांतवनला सहन झालं नाही. आपलं पाप आपण एकट्याने उघडं करतोय, या धीरावर तो उभा राहिला होता. ते एकट्याचं नव्हतं. आयुष्यातल्या पहिल्या पगाराला या पोरीच्या वाट्याला काय यायला हवं होतं, आणि आपण तिच्या हातात काय दिलं, हे पंधरा माणसांसमोर तिच्या तोंडून त्याला ऐकावं लागलं. तो खाली बसला.

पाळकांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. शेवटी करुणाबाईच बोलल्या. त्यांचा आवाज शांत होता.

"दादा, ते पाच हजार भाड्यात गेले. आता लगेच नाही देता येणार मला. दर महिन्याला एक हजार असे चर्चमध्ये भरते."

"अहो, ते तुम्ही का भरायचे?" शांतवन घाबरून म्हणाला. "मी भरतो. माझी चूक आहे."

"देवाचे होते असं तुम्हीच म्हणालात ना? खर्च तर माझ्या हातून झाले."

"मावशी, ते आमच्यावर आहेत, तुमच्यावर नाहीत," सुवार्ता म्हणाली. पाळकही तेच म्हणाले, दोन-तीन बायकांनीही समजावलं. करुणाबाई मान हलवत राहिल्या. शेवटी पाळकांनी जरा करड्या आवाजात सांगितलं, की मंडळी तुमच्याकडून ते घेणार नाही, तुम्ही आणले तरी पावती फाडणार नाही. तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या. पण त्या पाच मिनिटांत शांतवनला कळून चुकलं, की त्याने खरं बोलण्याचंही ओझं पहिल्यांदा नेऊन ठेवलं ते या बाईच्याच डोक्यावर.

चहा झाला. त्याच्याजवळ कोणी बसलं नाही. कोणी तोंडही फिरवलं नाही, लोक तसे भले आहेत. त्यांना फक्त त्याच्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं. निघताना तो करुणाबाईंसमोर उभा राहिला. आजवर त्याने दुसऱ्यांना क्षमा मागायला शिकवलं होतं, स्वतः मागायची वेळ आल्यावर शब्द सापडेनात. "मला माफ करा," एवढंच तो म्हणाला.

"माफ केलंय दादा," करुणाबाई म्हणाल्या. "चाललेलंही वाया गेलं असं मी म्हणत नाही. मी गाणी म्हणत गेले ते खरंच होतं, ते तुमच्यामुळे नव्हतं." मग म्हणाल्या, "पण काही दिवस साक्ष द्यायला उभे राहू नका. मला ऐकवणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने उरलेले सोळा हजार पाळकांकडे नेऊन दिले. पाच हजार फिती शिवून तीन महिन्यांत भरतो म्हणाला, आणि घरोघरी समजावण्याचं काम दुसऱ्याला द्या असंही सांगितलं. पाळकांनी नको म्हटलं नाही. मनातून त्याला वाटत होतं, त्यांनी नको म्हणावं. हे वाटल्याचीही त्याला लाज वाटली. लाजेचं असं असतं, एकदा दार उघडलं की ती घरातल्या सगळ्या खोल्या बघून घेते. आता रविवारी तो मागच्या बाकावर बसतो. इतरांच्या साक्षी ऐकतो. पूर्वी तो ऐकायचा कमी, आपली पाळी कधी येते ते बघायचा जास्त. एकदा एका म्हाताऱ्या बाईने औषधाला पैसे मिळाले म्हणून दोन वाक्यं सांगितली आणि ती बसली. कुठे थांबायचं, कुठे चष्मा पुसायचा, तिला काही माहीत नव्हतं. शांतवन रडला.

विमलने आठ दिवस त्याच्याशी मोजकं बोलून मग सोडून दिलं. तीस वर्षांच्या संसारात रुसण्यालाही वेळ कमी पडतो. सुवार्ताचं मात्र तसं झालं नाही. ती उलट बोलली नाही, टाळलंही नाही. पण पूर्वी कंपनीतून आली की पप्पांना दिवसभराचं सांगायची, ते थांबलं ते थांबलंच. आपण तिच्याकडे काही मागावं अशी आपली जागा राहिली नाही, हे शांतवनला समजत होतं. म्हणून तो मागत नव्हता.

महिना संपला. पुढचा पगार कधी होतो हे त्याला माहीत होतं, त्या दिवशी सकाळपासून त्याचं कामात लक्ष नव्हतं. तिला विचारायचं नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. संध्याकाळी ती बसने आली, रोजच्यासारखी सरळ घरी न जाता दुकानापाशी थांबली. आत गिऱ्हाईक होतं, त्यामुळे शांतवन मशीनमागे अडकलेला, त्याला उठता येईना. ती दारातच उभी राहिली, खांद्यावरची बॅग सावरली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "आज झाला पगार."

"बरं," शांतवन म्हणाला.

किती झाला, त्यातले किती काढले, कुठे दिले, त्याने काही विचारलं नाही. ती वळली आणि घराकडे गेली. शांतवनने मशीन पुन्हा सुरू केलं. मुलीने आपणहून येऊन तीन शब्द सांगितले होते. चौथा नव्हता, पण तेवढे त्याला पुरले.